कुत्र्याचं तोंड, पायऱ्या पाच

भूमच्या ट्रेनिंगातून मी आणलं
एक झेरॉक्सचं पान, जरा तिरकं निघालेलं,
आणि रंगीत कागदांचं पाकीट.
कागद वीस. लेकरं तेवीस.
हा हिशोब वर कुणाला कळवायचा नसतो,
जुन्या साठा रजिस्टरची तीन पानं फाडायची असतात.

पान लांबट. घडीला चौकोन लागतो.
कोपरा उचलून पलीकडच्या काठावर ठेवला,
उरलेल्या पट्टीच्या रेघेवरून जीभ फिरवली
(आमच्या शाळेत असंच फाडायचो, कात्री एकच, ती हेडमास्तरांच्या कपाटात)
आणि पट्टी सुटली, सुतळीसारखी सरळ.
टाकायला गेले तर बिरूनं हात पुढं केला.
बिरू बोलत नाही.
जूनपासून नाव आहे पटावर,
हजेरीला नुसती भुवई उचलतो.

पायरी एक. कोपऱ्यावर कोपरा.
"नखानं दाबा, घडी झोपली पाहिजे."
तेवीस अंगठे फरशीवर सरकतात.
अल्फियाची कालची मेंदी घामेजलीय,
पिवळ्या कागदावर केशरी बोट उमटतं.
ओंकारच्या घरी खव्याची भट्टी,
त्याच्या कागदाला तूप लागून
आरपार खिडकी दिसायला लागते.
त्रिकोण झाला.
कुणी म्हणतं समोसा.
कुणी डोक्याला लावून हनुवटीखाली धरतं,
"मी चालले गं खुरपायला!"
की सगळा वर्गच खुरपायला निघतो.

पायरी दोन. टोक माझ्याकडं करा.
हे 'माझ्याकडं' लई अवघड.
मी समोर बसलेली; माझ्याकडचं ते त्यांच्यापासून लांबचं.
चारदा सांगून बघितलं.
मग उठले, त्यांच्या ओळीत जाऊन बसले,
त्यांचं तोंड तिकडंच माझं तोंड.
ट्रेनिंगात हे सांगितलं नव्हतं.

तीन आणि चार: कान. दोन्ही टोकं खाली.
कार्तिकीचे तीन कान झाले,
कसे, ते तिचं तिला ठाऊक.
पाच: हनुवटी मागं दुमडा, डोळे काढा,
झाला कुत्रा.

"ताई, कुत्रं न्हाई हे."
मी वर बघितलं. भुवई नव्हे, आवाज.
"कुत्र्याचं कान उभं असतेत. शेळी हाय ही."

सगळ्यांनी दाराबाहेर बघितलं.
बाभळीला बांधलेली त्याच्याच घरची,
काळीभोर, कान गालांवरून लोंबलेले,
रवंथ थांबवून आमच्याकडं बघत होती
जशी फोटोला बसलीय.
आता यावर मी काय बोलणार?

बिरूला काळा कागद पाहिजे. पाकिटात काळा नसतो.
तो खिचडीच्या विझल्या चुलीपाशी गेला,
कोळसा आणला, रजिस्टरचं पान रंगवलं,
तांदूळ, मूगडाळ, शिल्लक, सही, सगळं काळ्यात बुडालं.
डोळे समोर नाही काढले, कडेला काढले,
आणि त्यात बुबुळ आडवं, गल्ल्याच्या फटीसारखं.
माझ्या झेरॉक्सवर नुसते दोन ठिपके होते.
मग खिशातून ती पट्टी काढली,
मधोमध फाडली, दुमडली, परत दुमडली,
आणि घडी उकलून आत सारायला लागला.
"काय करू लालास रं?"
"गाभण हाय," म्हणाला. "जुळं हाय."

दुपारी सुपरवायझर मॅडम आल्या.
"कुत्रे किती झाले?"
रकान्यात मी लिहिलं, तेवीस.
रजिस्टरच्या पाठीमागं, जिथं माझी किराण्याची यादी असते,
तिथं लिहिलं: शेळ्या तेवीस,
त्यात गाभण एक.

सुटताना बिरूनं ती शेळीला दाखवली.
तिनं हुंगली,
आणि एका घासात दोन्ही कान खाल्ले, एक डोळासुद्धा.
मला वाटलं, आता रडतंय लेकरू.
त्यानं तिच्या तोंडातून राहिलेला तुकडा ओढला,
बोटानं आत चाचपलं,
दावं सोडलं, आणि जाता जाता
मागं वळून मला ओरडून सांगितलं,
"करडं वाचली, ताई!"